न लागणारी मिरची

चेतनाच्या उजव्या हाताला मिरची लागत असे. डाव्या हाताला लागत नसे. ती उजव्या हाताने लिहायची, उजव्या हाताने जेवायची आणि देठ मात्र डाव्या हाताने खुडायची.

हिवाळ्यात नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात. ओली लाल मिरची उघड्या जमिनीवर वाळत घालतात, आणि वाळली की बायका ओळीने बसून देठ खुडतात. मसाल्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी मिरचीचा ओलावा, रंग आणि तिखटपणा मोजते. त्यासाठी रोज सकाळी पथारीवरून नमुने घ्यावे लागतात, म्हणून खुडणाऱ्या बायका मला ओळखतात. रनाळ्याच्या रंजनाबाई आणि त्यांची अठरा वर्षांची मुलगी चेतना त्यांच्यापैकीच. चेतना बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि कॉलेज नसेल त्या दिवशी आईबरोबर यायची. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा वर होता, हे ओढणीखालूनही दिसत असे.

तिचा डावा हात जळत नाही, याचे नवल कोणालाच वाटत नव्हते, कारण त्या कामात त्याचे उत्तर तयार असते. नव्या बाईचे हात पहिले काही हंगाम जळतात; ती रात्री तेल लावते, ताकात बोटे बुडवते, डोळ्यांना हात लावत नाही. मग हळूहळू आग कमी होते. याला तिथे ‘हात मुरणे’ म्हणतात, आणि मुरलेला हात हे कारागिरीचे लक्षण समजले जाते.

“मन्हा हात मुरावाले सात वरीस लागनात,” ओळीत सगळ्यांत जुन्या असलेल्या दगूबाई मला म्हणाल्या. “या पोरना दोन वरीसमा मुरना. नशीब शे!”

“एकच कसा मुरला, दगूबाई? दोन्ही हातांना मिरची तीच.”

“दुसरा आळशी शे, दुसरं काय!” सगळी ओळ हसली. “मॅडमबाई, तू यंत्रमा मोजस. आम्ही हातवर मोजतस.”

मला गप्प राहता आले असते. पण मी त्यांना सांगितले की, मुरण्याला शास्त्रीय आधार आहे. मिरचीतला जो पदार्थ आग करतो, तोच वारंवार लागला की कातडीतल्या मज्जातंतूंची टोके थकतात आणि उत्तर देणे सोडतात. चेतना डाव्या हाताने खुडते, म्हणून डावा थकला. हे पुस्तकात आहे आणि खरे आहे. चेतनाच्या बाबतीत ते चूक होते. ती डाव्या हाताने खुडते म्हणून तो जळत नाही असे मी धरून चालले. तो जळत नाही म्हणून ती त्याने खुडते, ही शक्यता मी तपासली नाही. एका प्रश्नाचे काम होते.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चेतना एकटी प्रयोगशाळेत आली. तिने कुर्त्याची डावी बाही वर केली. कोपराच्या वर बोटभर लांबीचा, फुटलेल्या फोडाचा डाग होता.

“गरम पातेल्याला दंड टेकला होता, मॅडम. मला कळलंच नाही. आईने ओरडून सांगितलं तेव्हा बघितलं.”

“दंडाला? तिथे मिरची कधी लागते?”

“कधीच नाही. म्हणूनच आले.”

मग तिने बाकीचे सांगितले. अडीच वर्षांपासून डाव्या खांद्यावर मुंग्या चालल्यासारखे वाटे. कधी पाठीवरून थंड पाणी ओघळल्यासारखे वाटे. हात लावून पाहिले तर कोरडे. शिंकले किंवा खोकले की डोक्याच्या मागे कळ येई. हे सगळे तिने हाडांच्या डॉक्टरांना सांगितले होते. त्यांनी एक्स-रे काढला, पाठीच्या कण्यात बाक असल्याचे दाखवले आणि बाकामुळे नस दाबली जात असावी असे सांगितले. त्यांच्याच चिठ्ठीवर एका धर्मादाय शिबिरात तिची निवड झाली होती. कण्यात धातूच्या सळ्या बसवून पाठ सरळ करणार होते. तिने कागद टेबलावर ठेवला. तारीख अकरा जानेवारी होती. मध्ये तेवीस दिवस होते.

“मॅडम, बाकामुळे असं होतं का?”

“मला माहीत नाही.”

“पण तुम्ही त्या दिवशी सांगितलं होतं की…”

“ते चुकलं. मी दंडाचा विचार केला नव्हता.”

तिने कागदावरच्या तारखेवर बोट ठेवले. “सळ्या एकदा बसवल्या की काढत नाहीत म्हणतात. कारण बाक असेल तर माझी काही हरकत नाही. कारण दुसरंच असलं तर?”

मी डॉक्टर नाही, पण एक गोष्ट मला तपासता येत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, बायका जेवायला उठल्यावर, मी पथारीवर दोन वाट्या नेल्या. एकीत साधे तेल होते, दुसरीत तिखटपणा मोजलेला मिरचीचा अर्क मिसळलेले तेच तेल. रंग सारखा दिसावा म्हणून साध्या तेलात थोडा बिनतिखट लाल रंग घातला होता. दगूबाईंनी पदराआड वाट्यांची अदलाबदल केली. कोणत्या वाटीत काय आहे हे आता त्यांनाच माहीत होते. मला नाही, चेतनालाही नाही.

“तोंडावर काही दाखवायचं नाही, दगूबाई.”

“मन्हं तोंड बंद शे. माले कोन इचारस नहीतर बी?”

चेतनाने डोळे मिटले. दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, प्रत्येकी चार ठिकाणी मी कापसाने तेल लावले. दोन ठिकाणी एका वाटीतले, दोन ठिकाणी दुसऱ्या. कापूस टेकला की प्रत्येक वेळी ती म्हणाली, “लागला.” आठपैकी आठ. स्पर्श शाबूत होता.

चौथ्या मिनिटाला तिने उजव्या हातावरची दोन ठिकाणे दाखवली. तिथे आग होत होती. दगूबाईंनी मान हलवली. दोन्ही बरोबर होती. डाव्या हातावर तिने पंधरा मिनिटांत एकही ठिकाण दाखवले नाही.

इथपर्यंत अपेक्षेप्रमाणे होते. मी वही मिटत होते, तेवढ्यात दगूबाई पुढे वाकल्या.

“लाल ते दोन्ही हात व्हयनात. मंग एकच का जळस?”

डाव्या हातावर, जिथे अर्क लावला होता नेमक्या त्याच दोन ठिकाणी, लाल चकत्या उठल्या होत्या. मी मोजपट्टी लावली. उजवीकडे अठरा आणि वीस मिलिमीटर, डावीकडे एकोणीस आणि अठरा.

ती लाली कातडीतल्या त्याच मज्जातंतूंची टोके करतात. तिखट लागले की ती टोके तिथल्या तिथे एक द्रव्य सोडतात आणि जवळच्या रक्तवाहिन्या फुगतात. त्यासाठी मेंदूची परवानगी लागत नाही. थकलेली टोके लाली आणू शकत नाहीत. म्हणजे चेतनाचा हात मुरलेला नव्हता. कातडीने आग ओळखली होती. चेतनापर्यंत ती पोहोचली नव्हती.

मी आकडे कागदावर उतरवले आणि ती आणि मी गावातल्या डॉ. जहीर यांच्याकडे गेलो. ते फिजिशियन आहेत. कारखान्यातल्या लोकांना तपासतात आणि फार बोलत नाहीत. त्यांनी कागद दोनदा वाचला.

“लाली मोजायची कल्पना कोणाची?”

“दगूबाईंची. त्या देठ खुडतात.”

“त्यांना माझा सलाम सांगा.”

त्यांनी दोन काचेच्या नळ्या भरल्या, एकीत गरम पाणी, एकीत बर्फाचे. डाव्या हाताच्या बोटांपासून खांद्यापर्यंत आणि पुढे छातीच्या वरच्या भागापर्यंत चेतनाला दोन नळ्यांतला फरक सांगता आला नाही. टाचणी टेकल्याचे कळत होते, टोचल्याचे कळत नव्हते. डाव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग किंचित खोलगट झाला होता. तो मी दोन हंगाम समोर असून पाहिला नव्हता. मग त्यांनी एक्स-रे प्रकाशावर धरला.

“बाक इथे आहे, छातीच्या मागे. हाताच्या नसा इथून निघत नाहीत, मानेतून निघतात. आणि या वयाच्या मुलींचा छातीतला बाक बहुधा उजवीकडे वळतो. हिचा डावीकडे आहे. असं असलं की आत आणखी काही आहे का, ते पाहावं लागतं.”

“मग बाकाने नस दाबली जाते ते खोटं?” चेतनाने विचारले.

“खोटं नाही. उतारवयात, कमरेचे मणके झिजलेले असले आणि बाक मोठा असला, तर नस दाबली जाते. पायात कळ जाते, पाय बधिर होतो. पण दाबलेल्या नसेत सगळंच जातं, स्पर्शही. तुझा स्पर्श शिल्लक आहे. फक्त वेदना आणि उष्णता गेली. छातीतला बाक हातात असं करू शकत नाही.”

“मग काय?”

“अंदाज आहे, पण पाहिल्याशिवाय सांगणार नाही. मान आणि पूर्ण पाठ, दोन्हींचं एमआरआय करायचं. अकरा तारखेच्या आधी.”

शिबिराच्या कागदात एमआरआय नव्हते. एक्स-रेवर बाक स्पष्ट होता, दुखणे बाकाला चिकटवून झाले होते आणि यादी लांब होती. चेतनाने त्याच संध्याकाळी आईला सांगितले आणि रंजनाबाईंनी साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी डॉ. जहीर यांनी त्यांना बोलावून घेतले. त्या आल्या, पण खुर्चीवर बसल्या नाहीत.

“तारीख गयी ते परत कोन इचारी आम्हले? दोन वरीस वाट दखी मी.”

“मावशी, तारीख घालवा असं मी म्हणत नाही. आधी एकदा आत पाहू द्या.”

“आत काय दखतस? वाकडी शे ते डोयाले दिसस.” त्यांचा आवाज चढला आणि तसाच खाली आला. “मीच तिले पथारीवर बसाडं. तेरा वरीसनी व्हती. सुटीमा घर एकली कशी ठेवू, म्हनीसन संगे लई जाऊ. वाकीसन वाकीसन पाठ वाकडी व्हयनी तिन्ही. मी वाकाडी, ते आते सरळ व्हवू द्या.”

“आई, असं नाही गं,” चेतना म्हणाली.

“तू गप बठ.”

रंजनाबाईंना शस्त्रक्रिया का हवी होती, ते तेव्हा मला कळले. दोन वर्षे त्या ज्या तारखेची वाट पाहत होत्या, ती त्यांच्या हिशेबी स्वतःचे कृत्य पुसण्याची तारीख होती. अशा माणसापुढे शक्यतांची टक्केवारी मांडण्यात अर्थ नव्हता.

डॉ. जहीर यांनी चहा मागवला. चहा स्टीलच्या पेल्यांतून आला. त्यांनी एक पेला रंजनाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो लगेच पदराने धरला.

“गरम आहे?”

“ह्या काय इचारनं व्हयनं? चहा शे.”

“आता हाच पेला तुम्हीच हिच्या डाव्या हाताला क्षणभर टेकवा. टेकवून लगेच उचला. चेतना, डोळे मिट.”

रंजनाबाईंनी आधी मुलीकडे, मग डॉक्टरांकडे पाहिले. मग पेला टेकवला आणि भाजल्यासारखा स्वतःच मागे घेतला.

“काय लागलं?” डॉक्टरांनी विचारले.

“काहीतरी गुळगुळीत. वाटी आहे का?”

“गरम की गार?”

चेतना थांबली. “सांगता येत नाही.”

“आता पदराचा शेव फिरवा. अगदी हलका.”

पदर दंडावरून गेला. “कापड,” चेतना ताबडतोब म्हणाली. “आई, तुझी साडी आहे ना?”

रंजनाबाईंनी पेला टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या.

“मावशी,” डॉक्टर म्हणाले, “पाठ सरळ करताना आतला मज्जारज्जूही ताणला जातो. आत काही नसेल तर तो ताण सहन होतो. आत काही असेल आणि आपण न पाहता ताणलं, तर पाय जाऊ शकतात. आत काही आहेच असं मी म्हणत नाही. अजून कोणी पाहिलेलं नाही, एवढंच म्हणतो.”

“वाकीसन बसामुळे पदर कयस नि चहा कयस नही, असं व्हस का?”

“नाही होत.”

रंजनाबाईंनी डोळे पुसले नाहीत. पाणी तसेच राहू दिले. “मंग दखा. पन अकरा तारीखना आधी दखा.”

दोन जानेवारीला धुळ्याला एमआरआय झाले. यंत्रात चेतना पाऊण तास निश्चल पडून राहिली. बाहेर रंजनाबाई तेवढा वेळ उभ्या होत्या. बसायला बाकडे होते. तंत्रज्ञाने दोनदा सांगूनही त्या बसल्या नाहीत.

चित्रे पाहायला वेळ लागला नाही. मज्जारज्जू भोवतालच्या पांढऱ्या पाण्यात सलग करडा दिसायला हवा. चेतनाच्या मानेपासून छातीच्या मध्यापर्यंत त्याच्या आत पाण्यासारखा पांढरा, लांबट पट्टा होता. डॉ. जहीर यांनी ती चित्रे शिबिराच्या शल्यचिकित्सकांना पाठवली. त्यांचा फोन तासाभरात आला. त्यांनी तारीख स्वतःच रद्द केली, आभार मानले आणि यापुढे यादीतल्या प्रत्येक मुलाचे आधी एमआरआय होईल असे सांगितले. चेतनावर आता मेंदूच्या शल्यचिकित्सकांनी उपचार करायचे होते: कवटीच्या तळाशी, मानेच्या सुरुवातीला, थोडी जागा मोकळी करायची. पाठीचे नंतर पाहायचे. कदाचित सळ्या लागतील, कदाचित नाही.

“हाताची जाण परत येईल?” तिने विचारले.

“थोडी येईल, किंवा येणार नाही,” डॉ. जहीर म्हणाले. “जे शिल्लक आहे ते राखणं हा उद्देश आहे. पायांपर्यंत पोहोचायच्या आत सापडलं, याला मी महत्त्व देतो.”

चेतनाने मान हलवली.

शस्त्रक्रियेला जाण्याच्या आदल्या दिवशी रंजनाबाई प्रयोगशाळेत आल्या. हातात एमआरआयचा अहवाल होता, इंग्रजीत छापलेला. रनाळ्यात येणारा-जाणारा त्यांना विचारत होता. कोणी म्हणत होते पथारीमुळे झाले, कोणी म्हणत होते डोक्यावरून पाण्याचे हंडे वाहून आणल्यामुळे. एक जाऊबाई तर बाहेरच्या बाधेपर्यंत पोहोचल्या होत्या.

“कागदवर मराठीमा लिखी द्या. चौथीलोंग शिकेल शे मी. कसामुळे व्हयनं तेच लिखा, दुसरं काही नको. लोके इचारतस, ते वाचीसन दखाडसू.”

मी डॉ. जहीर यांना फोन लावला. जिथे खात्री आहे आणि जिथे नाही, ते दोन्ही विचारून घेतले आणि मोठ्या अक्षरांत लिहिले. रंजनाबाईंनी एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचले, शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली आणि कागद चार घड्या करून ब्लाउजमध्ये ठेवला. कागदावर होते ते असे:

“चेतनाच्या मेंदूचा मागचा, खालचा भाग कवटीच्या तळाच्या छिद्रातून थोडा खाली, मानेत उतरला आहे. हे बहुधा जन्मापासून आहे. त्यामुळे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती फिरणाऱ्या पाण्याची वाट अडते. शिंकल्या-खोकल्यावर डोक्याच्या मागे येणारी कळ याच अडथळ्यामुळे येते. त्या अडथळ्यामुळे मज्जारज्जूच्या आत, मानेपासून छातीपर्यंत, पाण्याने भरलेली एक पोकळी तयार झाली. वेदना आणि उष्णता कळवणारे तंतू मज्जारज्जूच्या मध्यातून एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातात; पोकळी डाव्या बाजूला जास्त पसरली, म्हणून डाव्या हाताचे तंतू निकामी झाले. स्पर्श कळवणारे तंतू मागच्या बाजूने वर जातात, ते वाचले. खांद्यावरच्या मुंग्या आणि पाठीवरचे थंड पाणी हे त्या बिघडलेल्या तंतूंनी पाठवलेले चुकीचे निरोप होते. पोकळीमुळे पाठीच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंना सारखे बळ मिळाले नाही आणि पाठ वाकली, असे डॉक्टर मानतात. बाकामुळे हाताची जाण गेली नाही. जाण जाणे आणि बाक येणे, या दोन्हींचे कारण ही पोकळी आहे. पथारीवर बसण्याचा याच्याशी संबंध नाही.”